इंग्रजी क्रियापद, पुढे सर्वनाम, त्यापुढे नाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'गिव्ह मी द की', 'दे कॉल हिम अ जीनियस', 'शी ड्रू अस अ मॅप'. तीन छोटी वाक्यं. तिन्हींत क्रियापदाला लागून सर्वनाम आणि त्याला लागून नाम, मध्ये 'टू' नाही, 'फॉर' नाही, 'ॲज' नाही. बोलण्यात ही रचना सतत येते आणि मराठी भाषकाच्या चुकाही इथेच सतत होतात. कारण मराठीत विभक्ती जे काम करते ते इथे शब्दांचा क्रम करतो. शिकणाऱ्यांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

या तिन्ही वाक्यांची रचना एकच आहे का?

दिसायला एकच, आतून दोन. 'गिव्ह मी द की' आणि 'शी ड्रू अस अ मॅप' यांत दोन कर्मं आहेत. किल्ली आणि नकाशा ही प्रत्यक्ष कर्मं, आणि 'मी', 'अस' ही अप्रत्यक्ष कर्मं. शाळेच्या पुस्तकात त्यांना डायरेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट म्हणतात. 'दे कॉल हिम अ जीनियस' मध्ये मात्र कर्म एकच आहे, ते म्हणजे 'हिम'. 'अ जीनियस' हे कर्म नाहीच. ते कर्माबद्दलची माहिती पुरी करतं, म्हणून त्याला कर्मपूरक म्हणू या.

हा फरक केवळ परीक्षेत नावं लिहिण्यापुरता नाही. कर्मवाच्य (पॅसिव्ह व्हॉइस) कसं होईल, 'टू' घालता येईल का, नाम एकवचनी हवं की अनेकवचनी, आर्टिकल लागेल की नाही, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून मी सगळ्यांना आधी हा फरक ओळखायला सांगते आणि बाकीचे नियम नंतर.

मग तो ओळखायचा कसा?

सर्वनाम आणि नाम यांच्यामध्ये मनातल्या मनात एक क्रियापद घालून पाहा. 'हॅज' बसलं तर दोन कर्मं, 'इज' बसलं तर कर्मपूरक. 'गिव्ह मी द की' झाल्यावर किल्ली माझ्याकडे असते. 'शी ड्रू अस अ मॅप' झाल्यावर नकाशा आमच्याकडे असतो. पण 'दे कॉल हिम अ जीनियस' मध्ये त्याच्याकडे काही येत नाही. लोकांच्या म्हणण्यानुसार तो स्वतःच जीनियस आहे.

'हॅज' अगदी शब्दशः घ्यायचं नाही. 'शी टोल्ड मी अ स्टोरी' मध्ये गोष्ट हातात येत नाही, कानी येते. 'ही टॉट अस केमिस्ट्री' मध्ये विषय डोक्यात येतो. 'दे डिनाइड हर परमिशन' मध्ये तर परवानगी मिळतच नाही. तरी प्रश्न मिळण्या-न मिळण्याचाच आहे, असण्याचा नाही.

एकच क्रियापद दोन्ही प्रकारे येऊ शकतं का?

येतं, आणि अशी क्रियापदं शोधून त्यांच्या जोड्या शेजारी-शेजारी लिहिणं हा या विषयातला सगळ्यात उपयोगी अभ्यास आहे.

'फाइंड' घ्या. 'आय फाउंड हिम अ जॉब' म्हणजे मी त्याला नोकरी शोधून दिली. 'आय फाउंड हिम अ बोअर' म्हणजे तो मला रटाळ माणूस वाटला. शब्दांचा क्रम तोच, पण पहिल्यात त्याला काहीतरी मिळालं आणि दुसऱ्यात माझं त्याच्याबद्दल मत झालं.

'लीव्ह' मधला फरक अधिक बोचरा आहे. 'ही लेफ्ट हर अ फॉर्च्युन': त्याने तिच्यासाठी मोठी संपत्ती मागे ठेवली. 'ही लेफ्ट हर अ विडो': तो गेला आणि ती विधवा झाली. एकाच वाक्यात 'ही लेफ्ट हर अ रिच विडो' म्हटलं तर संपत्तीचा उल्लेखही विशेषणात जाऊन बसतो, आणि रचना कर्मपूरकाचीच राहते.

'मेक' सगळ्यांना माहीत असतं. 'शी मेड हिम अ कोट' म्हणजे तिने त्याला कोट शिवला, 'शी मेड हिम अ स्टार' म्हणजे तिने त्याला मोठा कलाकार बनवलं. 'कॉल' चंही तसंच. 'कॉल मी अ डॉक्टर' या वाक्याचे दोन अर्थ होतात: माझ्यासाठी डॉक्टर बोलवा, किंवा मला डॉक्टर म्हणा. संदर्भ असला की गोंधळ होत नाही. लिहिताना शंका असेल तर पहिल्या अर्थासाठी सरळ 'कॉल अ डॉक्टर फॉर मी' लिहावं.

मराठीच्या आधाराने हा फरक कळेल का? मराठीत तर दोन्हीकडे 'त्याला', 'तिला' च येतं.

'-ला' कडे बघून कळत नाही हे खरं. पण मराठी क्रियापदाकडे बघितलं तर बऱ्याचदा लगेच कळतं, आणि ही खूण शिकवण्यात फारशी वापरली जात नाही याची मला खंत वाटते.

ही दोन वाक्यं पाहा: 'त्याने तिला अंगठी दिली.' 'त्याने तिला राणी मानलं.' अंगठी आणि राणी दोन्ही स्त्रीलिंगी. पहिल्यात क्रियापद अंगठीप्रमाणे 'दिली' झालं. दुसऱ्यात राणीप्रमाणे 'मानली' न होता 'मानलं' झालं. पहिला कर्मणी प्रयोग, दुसरा भावे प्रयोग. कारण अंगठी हे खरं प्रत्यक्ष कर्म आहे, त्यामुळे क्रियापद तिच्यामागे जातं. राणी हे कर्म नाही, पूरक आहे, म्हणून क्रियापद तिच्यामागे जात नाही. कर्म आहे 'तिला', आणि प्रत्यय लागलेल्या कर्मामागे मराठी क्रियापद जात नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं.

म्हणजे 'त्यांनी त्याला कोट शिवला', 'तिने मला गोष्ट सांगितली', 'मी त्याला नोकरी शोधून दिली' ही दोन कर्मांची वाक्यं, आणि 'त्यांनी त्याला कप्तान केलं', 'मी तिला बहीण मानलं', 'लोकांनी त्याला लबाड ठरवलं' ही पूरकाची. हा भेद तुम्ही लहानपणापासून न चुकता करत आला आहात. इंग्रजीत तोच भेद आहे, फक्त क्रियापदाच्या रूपात दिसत नाही.

या खुणेला मर्यादा आहेत. वाक्य भूतकाळात हवं आणि नाम नपुंसकलिंगी नको ('घर दिलं' मधून काहीच कळत नाही). काही बोलींत 'राणी मानली' असंही ऐकू येतं. शिवाय मराठीत वाक्याची ठेवणच बदलली, जसं 'तो मला रटाळ वाटला', तर ही खूण चालत नाही. तिथे 'हॅज' आणि 'इज' कडे परत यायचं.

'एक्सप्लेन मी धिस' चूक का? 'टेल मी धिस' तर चालतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. मराठीत 'मला सांग', 'मला समजाव', 'मला सुचव', 'मला वर्णन करून सांग' यांत काही फरक नाही. '-ला' सगळीकडे बसतो. इंग्रजीत 'टेल' दोन कर्मं घेतं, पण 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'अनाउन्स', 'मेन्शन', 'कन्फेस', 'इंट्रोड्यूस', 'से' ही क्रियापदं घेत नाहीत. त्यांच्यामागे आधी वस्तू येते आणि मग 'टू' लावून व्यक्ती: 'एक्सप्लेन धिस टू मी', 'सजेस्ट अ नेम टू मी', 'इंट्रोड्यूस युअर फ्रेंड टू अस'.

'सजेस्ट मी अ गुड नेम' हे आपल्याकडे इतकं ऐकू येतं की कानाला ते बरोबर वाटू लागतं. प्रमाण इंग्रजीत ते बरोबर नाही. बोलताना सोपी वाट म्हणजे व्यक्ती गाळून टाकणं: 'कॅन यू सजेस्ट अ गुड नेम?' कोणासाठी ते समोरच्याला कळलेलं असतंच.

एक बारकावा. वस्तू सांगणारा भाग लांबलचक असेल तर 'टू मी' आधी येऊ शकतं: 'शी एक्सप्लेन्ड टू मी व्हाय द प्लॅन हॅड फेल्ड.' मोठा भाग शेवटी टाकण्याची इंग्रजीची सवय इथे कामी येते. पण 'टू' गाळता येत नाही.

कोणती क्रियापदं दोन कर्मं घेतात आणि कोणती नाहीत, याचा काही नियम आहे का?

पक्का नियम नाही, पण कल आहे. एकावयवी (एकाच सिलॅबलची) किंवा पहिल्या अवयवावर जोर असलेली, रोजच्या वापरातली जुनी क्रियापदं दोन कर्मं घेतात: गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, लेंड, सेल, पे, पास, हँड, ऑफर, प्रॉमिस. लॅटिन किंवा फ्रेंचमार्गे आलेली, पुढच्या अवयवावर जोर असलेली क्रियापदं बहुधा घेत नाहीत: एक्सप्लेन, डोनेट, रिपीट, ऑब्टेन, कन्स्ट्रक्ट. 'गिव्ह देम मनी' चालतं, 'डोनेट देम मनी' नाही. 'गेट मी अ कॉपी' चालतं, 'ऑब्टेन मी अ कॉपी' नाही. 'बिल्ड अस अ हाउस' चालतं, 'कन्स्ट्रक्ट अस अ हाउस' नाही.

अपवाद दोन्ही बाजूंनी आहेत. 'असाइन', 'अवॉर्ड', 'अलाव', 'गॅरंटी' परदेशी वळणाची असून दोन कर्मं घेतात. 'से' एकावयवी असूनही घेत नाही.

अर्थाचाही हात असतो. बोलण्याची तऱ्हा सांगणारी क्रियापदं (व्हिस्पर, शाउट, मम्बल) दोन कर्मं घेत नाहीत. पण निरोप पोचवण्याचं साधन सांगणारी सहज घेतात: 'ईमेल मी द फाइल', 'टेक्स्ट मी द अ‍ॅड्रेस'. मोबाइल आल्यावर 'टेक्स्ट' क्रियापद म्हणून रुळलं आणि लगेच या रचनेत बसलं, कोणाला शिकवावं लागलं नाही. एका झटक्यात वस्तू सोडून देणं असेल तर 'थ्रो मी द बॉल', 'टॉस हिम द कीज' म्हणता येतं. पण सतत जोर लावत राहणं असेल, जसं 'पुश', 'पुल', 'लिफ्ट', तर 'पुश मी द चेअर' होत नाही, 'पुश द चेअर टू मी' म्हणावं लागतं.

इंग्रजी मातृभाषा असलेली मुलं हा कल कसा आत्मसात करतात, हा भाषाशास्त्रातला मोठा वादाचा प्रश्न राहिला आहे. 'एक्सप्लेन मी' म्हणू नये असं त्यांना सहसा कोणी सांगत नाही, तरी ती ते टाळायला शिकतात. जे वाक्य कधी ऐकलंच नाही ते चूक आहे की फक्त अजून कानावर पडलेलं नाही, हे कळतं कसं? १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रोपेन, पिंकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ध्वनिरूप आणि अर्थाचे छोटे-छोटे गट हे त्याचं उत्तर म्हणून मांडलं गेलं. वर दिलेले गट त्याच दिशेचे आहेत.

'टेल टू मी' आणि 'आस्क टू हिम' का चूक?

ही 'एक्सप्लेन मी' ची उलटी चूक आहे, मूळ मात्र एकच. 'मला सांग' मधल्या '-ला' ची जागा भरायला 'टू' आणला जातो. 'टेल' आणि 'आस्क' मागे व्यक्ती थेट येते: 'टेल मी द ट्रुथ', 'आस्क हिम अ क्वेश्चन'. एकाच '-ला' मुळे कुठे 'टू' नको तिथे येतो आणि कुठे हवा तिथे गळतो, म्हणून '-ला म्हणजे टू' हे समीकरण जितक्या लवकर सोडाल तितकं बरं. दर क्रियापदामागे काय येतं ते त्या क्रियापदाबरोबरच लक्षात ठेवावं लागतं.

'गिव्ह टू मी द बुक' हेही असंच. 'टू मी' वापरायचं तर पुस्तक आधी: 'गिव्ह द बुक टू मी'.

सर्वनाम मागे नेलं तर 'टू' लावायचा की 'फॉर'?

वस्तू कर्त्याकडून निघून समोरच्याकडे पोचते तिथे 'टू': सेंड, लेंड, शो, पास, सेल, रीड. समोरच्यासाठी आधी काहीतरी करणं, मिळवणं, शोधणं असतं तिथे 'फॉर': मेक, बाय, फाइंड, बिल्ड, ऑर्डर, सेव्ह, चूज. 'शी बॉट मी अ पेन' म्हणजे 'शी बॉट अ पेन फॉर मी', 'टू मी' नव्हे.

'ब्रिंग' दोन्ही घेतं. 'आस्क' ला दोन्ही चालत नाहीत: 'आस्क अ क्वेश्चन ऑफ हिम', तेही औपचारिक भाषेत. 'प्ले हिम अ ट्रिक' चं 'प्ले अ ट्रिक ऑन हिम' होतं.

आणि काहींना टू, फॉर काहीच लागत नाही का?

काहींना नाही. 'इट कॉस्ट मी अन आवर', 'स्पेअर अस द डिटेल्स', 'धिस विल सेव्ह यू अ लॉट ऑफ ट्रबल', 'आय एन्व्ही हर हर पेशन्स', 'विश मी लक'. यांत सर्वनाम मागे नेता येत नाही. 'इट कॉस्ट अन आवर टू मी' असं कोणी म्हणत नाही. लक्षात घ्या, यांतल्या बहुतेकांत देणं-घेणं होत नाही. काहीतरी जातं, टळतं, किंवा मनातच राहतं. वस्तू कुठून कुठे पोचतच नाही, तर 'टू' ला दाखवायला दिशा उरत नाही.

'गिव्ह मी इट' की 'गिव्ह इट टू मी'?

दोन्ही सर्वनामं असतील तर 'गिव्ह इट टू मी' सगळीकडे चालतं, तेच वापरा. 'गिव्ह मी इट' बोलण्यात ऐकू येतं. ब्रिटनच्या काही भागांत 'गिव्ह इट मी' असंही म्हणतात. ऐकलं तर गोंधळू नका, पण स्वतः म्हणायची गरज नाही.

सर्वनाम क्रियापदाला इतकं चिकटून का येतं?

कारण ते हलकं असतं आणि कशाबद्दल आहे ते आधीच माहीत असतं. माहीत असलेलं आधी, नवीन आणि जड ते शेवटी, अशी इंग्रजी वाक्याची चाल आहे. 'आय सेंट हर द रिपोर्ट यू आस्क्ड फॉर' मध्ये ती कोण हे ठाऊक आहे, अहवालाबद्दल सांगायचं आहे. हीच गोष्ट उलटी केली तर क्रम उलटतो: 'आय सेंट इट टू द पर्सन हू आस्क्ड फॉर इट'. इथे 'आय सेंट द पर्सन हू आस्क्ड फॉर इट इट' म्हणून पाहा, वाक्य शेवटी पायरी चुकल्यासारखं कोसळतं.

मराठीत क्रम बराच मोकळा आहे. 'मला त्याने पुस्तक दिलं', 'पुस्तक त्याने मला दिलं', सगळं चालतं, कारण कोण कोणाला हे प्रत्ययांवरून कळतं. इंग्रजीत ते जागेवरून कळतं. 'आय शोड हिम हर' आणि 'आय शोड हर हिम' यांत कोणी कोणाला पाहिलं हे केवळ जागाच ठरवते.

'ही गेव्ह हर बुक्स' चा अर्थ काय?

एक, त्याने तिला पुस्तकं दिली. दोन, त्याने तिची पुस्तकं (कोणाला तरी) देऊन टाकली. 'हर' हे कर्मरूपही आहे आणि संबंधदर्शकही. 'हिम' आणि 'हिज', 'मी' आणि 'माय', 'देम' आणि 'देअर' वेगळे असल्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. नामाआधी आर्टिकल किंवा 'सम' घाला, शंका मिटते: 'ही गेव्ह हर सम बुक्स'. आणि दोन्ही हवे असतील तर दोन्ही 'हर' लिहायला घाबरू नका. 'आय गेव्ह हर हर बुक्स' हे पूर्णपणे शुद्ध वाक्य आहे.

'दे कॉल हिम ॲज राजू' का चुकीचं?

'त्याला राजू म्हणून ओळखतात' मधला 'म्हणून' इंग्रजीत 'ॲज' होऊन येतो. 'कॉल' मागे 'ॲज' कधीच येत नाही: 'दे कॉल हिम राजू'. 'नेम', 'क्रिसन', 'डब', 'लेबल' यांच्यामागेही कर्मपूरक थेट येतं.

उलट 'रिगार्ड', 'डिस्क्राइब', 'ट्रीट', 'व्ह्यू' यांना 'ॲज' हवाच. 'दे रिगार्ड हर ॲन एक्सपर्ट' चूक, 'दे रिगार्ड हर ॲज ॲन एक्सपर्ट' बरोबर. मधली क्रियापदं दोन्ही घेतात: 'दे अपॉइंटेड हिम (ॲज) मॅनेजर', 'दे इलेक्टेड हर (ॲज) चेअरपर्सन'. 'कन्सिडर' बद्दल मत विचाराल तर माझं असं: 'आय कन्सिडर हिम अ फ्रेंड' सगळ्यात स्वच्छ, 'टू बी' घातलं तरी चालतं, 'ॲज' पुष्कळ लोक लावतात पण न लावलेला बरा.

'थिंक' ही कर्मपूरक घेतं, 'दे थॉट हिम अ फूल', पण ते पुस्तकी वाटतं. रोजच्या बोलण्यात 'दे थॉट ही वॉज अ फूल'. 'नो' आणि 'बिलीव्ह' ला आज 'टू बी' लागतं: 'आय नो हिम टू बी ॲन ऑनेस्ट मॅन'.

'मेड हर कॅप्टन' मध्ये 'अ' का नाही?

ज्या पदावर एका वेळी एकच व्यक्ती असते, ते पद पूरक म्हणून आलं की आर्टिकल गळू शकतं: 'मेड हर कॅप्टन', 'इलेक्टेड हिम प्रेसिडेंट', 'क्राउन्ड हर क्वीन'. अशा अनेक व्यक्ती असू शकतात तिथे 'अ' हवा: 'मेड हर अ पार्टनर', 'कॉल्ड हिम अ लायर'.

वचनाचंही इथेच सांगून टाकते. पूरक कर्माच्या वचनाला धरून असतं: 'कॉल्ड हिम अ लायर', पण 'कॉल्ड देम लायर्स'. दोन कर्मांत असं बंधन नाही: 'गेव्ह देम अ बुक', सगळ्यांत मिळून एक पुस्तक असू शकतं.

'ही कॉल्ड हिम अ हीरो' म्हणजे स्वतःलाच हीरो म्हणाला का?

नाही. 'हिम' म्हणजे दुसरा कोणीतरी. स्वतःबद्दल असेल तर 'हिमसेल्फ': 'ही कॉल्ड हिमसेल्फ अ हीरो', 'शी बॉट हरसेल्फ अ पेन', 'दे कन्सिडर देमसेल्व्ह्ज आर्टिस्ट्स'. मराठीत 'स्वतःला' म्हणता तिथे 'सेल्फ' लावा, हे समीकरण या रचनेत पक्कं आहे.

कर्मवाच्य करताना कोणतं कर्म पुढे आणायचं?

दोन कर्मं असतील तर बहुधा व्यक्ती: 'शी वॉज गिव्हन अ मेडल', 'आय वॉज टोल्ड अ स्टोरी', 'वी वेअर ऑफर्ड अ रूम'. वस्तू पुढे आणायची तर 'टू' घालावा: 'अ मेडल वॉज गिव्हन टू हर'. शाळेत दोन्ही रूपं समान महत्त्वाने घोटून घेतली जातात. प्रत्यक्षात पहिलं कितीतरी अधिक नैसर्गिक आहे, आणि मराठी भाषकाला ते सुचतच नाही, कारण 'तिला पदक दिलं गेलं' मध्ये पदकच पुढे येतं, 'ती' कर्तारूपात येत नाही. म्हणून सराव पहिल्याचा जास्त करावा.

'फॉर' गटात ही सोय कमी आहे. 'ही वॉज मेड अ कोट' कानाला खटकतं, 'अ कोट वॉज मेड फॉर हिम' ठीक. 'कॉस्ट' चं कर्मवाच्य होत नाही.

कर्मपूरकात प्रश्नच येत नाही, कारण कर्म एकच असतं: 'ही वॉज कॉल्ड अ लायर', 'शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट'. 'अ लायर वॉज कॉल्ड हिम' होऊच शकत नाही. दोन रचनांतला फरक ओळखण्याची ही आणखी एक खात्रीची कसोटी.

'आय मेट हिम लास्ट वीक' मध्ये 'लास्ट वीक' हे कर्म की पूरक?

दोन्ही नाही. ते कालवाचक क्रियाविशेषण आहे, फक्त नामाच्या वेषात. 'इज' बसत नाही, 'हॅज' बसत नाही, आणि गाळलं तरी 'आय मेट हिम' पुरं वाक्य राहतं. 'दे केप्ट हिम टू डेज' मधलं 'टू डेज' तसंच. पण 'दे केप्ट हिम अ सीट' मधली 'सीट' कर्म आहे.

'शी मेड हिम अ गुड वाइफ' मध्ये गुड वाइफ कोण? 'हिम' तर पुरुष आहे.

ती. हे वाक्य वरच्या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. इथे 'मेक' म्हणजे 'ठरणं': ती त्याला चांगली पत्नी लाभली. नाम कर्माबद्दल न बोलता कर्त्याबद्दल बोलतं. म्हणूनच 'शी मेड हिम अ गुड हजबंड' म्हटलं तर अर्थ फिरतो: तिने त्याला चांगला नवरा बनवलं. अशी वाक्यं थोडी आहेत, जुन्या वळणाच्या गद्यात भेटतात. ओळखता आली की पुरे.

दोन्ही रचनांत 'हिम' एकच का?

जुन्या इंग्रजीत एक नव्हतं. द्वितीयेचं रूप 'हिने' होतं आणि चतुर्थीचं 'हिम'. पुढे 'हिने' मागे पडलं आणि 'हिम' ने दोन्ही कामं उचलली. 'देम' सुद्धा मुळात चतुर्थीचंच, स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून घेतलेलं. आजच्या मराठीतही 'त्याला' द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचं काम करतो.

'गिव्ह इट अ ट्राय' मध्ये 'इट' ला काय मिळतं?

काहीच नाही. इथे 'गिव्ह' ने क्रियेचं ओझं नामावर टाकलं आहे: 'गिव्ह इट अ ट्राय' म्हणजे करून बघ, 'गिव्ह इट अ पुश' म्हणजे ढकल, 'गिव्ह मी अ रिंग' म्हणजे फोन कर. या वाक्प्रयोगांत सर्वनाम जागचं हलत नाही. 'गिव्ह अ ट्राय टू इट' म्हणू नका.

नवीन क्रियापद भेटलं तर ते कोणत्या रचनेत बसतं हे कुठे बघायचं?

शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात. साध्या इंग्रजी-मराठी कोशात 'सजेस्ट: सुचवणे' एवढंच मिळतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. शिकणाऱ्यांच्या कोशांत ही सोय आली ती ए. एस. हॉर्नबी यांच्यासारख्या शिक्षकांमुळे. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी जो कोश तयार केला, तो १९४२ मध्ये तिथे प्रसिद्ध झाला, आणि त्यात क्रियापदांच्या २५ रचना ठरवून प्रत्येक क्रियापदापुढे त्यांचे क्रमांक दिले होते. परक्या भाषकाला अर्थाइतकीच रचना लागते हे त्यांनी ओळखलं होतं.

आजच्या कोशात क्रमांकांऐवजी छोटे साचे दिसतात: समबडी, समथिंग. 'टेल समबडी समथिंग' असं दिसलं तर दोन कर्मं थेट येतात. 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असं दिसलं तर 'टू' लागतो. साचा वाचून सोडू नका, त्याखालचं उदाहरण वहीत उतरवा, त्यातलं नाम काढून सर्वनाम घाला, आणि वाक्य मोठ्याने म्हणा: 'एक्सप्लेन द रूल टू हिम', 'टेल हिम द रूल'. मग त्याच शेजारी तुमचं मराठी वाक्य लिहा. 'त्याला नियम समजावला', 'त्याला नियम सांगितला'. मराठीत दोन्ही सारखी दिसतील. इंग्रजीत ती कुठे वेगळी झाली त्या जागेखाली रेघ मारा.